भिंती कुठे गेल्या

३ मार्च

लिहीन लिहीन म्हणत आठवडा ढकलला. वहीवर चहाचा कप ठेवून ठेवून गोल डाग पडला, तरी उघडली नाही. लिहिलं की खरं होतं ना!

ताई पडली. मीच पाडली म्हणायला हरकत नाही.

चार वर्षं मी गावोगाव भटकत होतो, त्यातच तिची दृष्टी गेली. परतलो तेव्हा तिची एकच हौस उरलेली — संध्याकाळी बाबांच्या जुन्या स्पीकरवर गाणी. पण खोली रिकाम्या पिंपासारखी घुमायची. म्हटलं, एवढं तरी करू तिच्यासाठी! सुतारकाकांकडून लाकडी चौकटी करून घेतल्या, आत आवाज शोषणारं रॉकवूल भरलं, वरून कापड ताणलं. काका म्हणाले, "दोन भिंती पुरेत रे." ऐकतोय कोण! चारही भिंती, वर छतसुद्धा. टाळी वाजवली तर हातातल्या हातात मेली. काय खूश होतो मी!

ताई आत आली. जिभेने टकटक केली. तो आवाज परत येतो, त्यावरून तिला भिंत किती लांब, दार कुठे ते कळतं. हे रोज बघत होतो मी. तरी डोक्यात आलं नाही!

"अरे, भिंती कुठे गेल्या?"

वळली, आणि स्पीकरच्या स्टँडवर आपटली. ओठ फाटला.

४ मार्च

ताई आत्याकडे गेली. जाताना म्हणाली, "विचारायचं तरी होतंस. आंधळी आहे मी, मुकी नाही."

५ मार्च

चौकटी उखडायला पक्कड आणायला गेलो. दुकानदाराच्या पोपटाशी तासभर गप्पा मारल्या, रिकाम्या हाताने परत.

आत्याचा फोन. "शनिवारी टेम्पो पाठवते. स्पीकर इकडे मागवलेत तिने. तिकडे काही येत नाही ती आता."

७ मार्च

छतावरच्या चौकटी काढल्या. भिंतींवरच्याही. फक्त स्पीकरमागच्या चौकटी ठेवल्या. रॉकवूलच्या कुसळांनी अंगभर खाज! काका शिडी धरून — "आधी लावा, मग काढा. बरं आहे बाबा तुमचं!"

डोळे मिटून टकटक करत चाललो. काहीएक कळलं नाही. तीनदा कपाळ आपटलं.

"काका, तिला शिकायला किती दिवस लागले असतील हो?"

"ते मला काय विचारतोस? तू होतास कुठे तेव्हा?"

शनिवार

टेम्पो आला. ड्रायव्हर एकटाच असेल म्हणून वर खिडकीतूनच बघतोय. दुसरं दार उघडलं — ताई! स्वतः आलीये! फाटकाला हात लावून उभी आहे.

ड्रायव्हरला म्हणते आहे, "दादा, इंजिन बंद करा. स्पीकर राहू देत जरा. सुतारकाका म्हणाले, भिंती परत आल्यात. आधी मी आत जाऊन बघते."