निळी वायर

३ एप्रिल
योगेंद्र, रोज लिहून पानाचा फोटो पाठव म्हणालास, आणि येऊन आठवडा झाल्यावर आज वही उघडतो आहे. माफ कर. सातवी शिकलेल्या मामाला तू काम दिलंस, याचा आनंद आहे. कोंढ्याची ही खोली थंड, स्वच्छ. शेजारच्या लीलाबाई ताक देतात. काम समजलं. आपल्या लग्न जुळवायच्या साइटचं मशीन भंडाऱ्यात, आणि स्थळांची सगळी माहिती इथल्या वेगळ्या मशीनवर, म्हणजे साइट पळते. तू म्हणालास, "मामाजी, पंगतीतच चूल मांडली तं वाढणाऱ्याले अन् रांधणाऱ्याले दोघायलेही अडचण. म्हणून चूल मागं." मधली वाट म्हणजे निळी वायर. तिला हात लावायचा नाही.

८ एप्रिल
झाडताना निळी वायर निघाली. घाबरून परत खुपसायला गेलो तर टोकच मोडलं. तुझ्या फोनच्या धास्तीने जेवलो नाही. संध्याकाळी फोन आला. साइट आजइतकी कधीच पळाली नव्हती म्हणालास, मला शाबासकी दिलीस. मी ती घेतली. हे पान पाठवत नाही.

१० एप्रिल
वायर उशीखाली आहे. मशीनचा दिवा विझलेला. साइट चालूच. चुलीशी जायची वाट बंद, तरी पंगतीत वाढणं चाललंय. मग रांधतंय कोण?

१३ एप्रिल
आंबागडहून सून निर्मलाचा फोन. साइटवर तिच्या पोरीला, आपल्या खुशबूला स्थळ आलं, मुलगा भुपेंद्र. तिने पाठवलेला त्याचा फोटो लीलाबाईंना दाखवला. त्या खालीच बसल्या. "काका, मागं दिसते ते माहं जुनं घर. आता धरणात हाये. अन् हा पोरगा गाव उठलं त्या साली डोंगा उलटून बुडाला. सापडलाच नाही."
निर्मलाला स्थळ नको म्हणालो. ती हसली, "बाबूजी, तुमच्याच भाच्याची साइट, अन् तुमचाच भरोसा नाही?" वायरचं सांगायचं होतं. फोन ठेवून दिला.

१५ एप्रिल
उद्या निर्मला मुलाचं घर पाहायला निघणार. पोरीलाही आणा, मुलाकडचे म्हणाले. गोसीखुर्दला धरणाच्या पाळीवर, बांधावरच भेटू, तिथून घर जवळच — मी वायर पुन्हा उशीखाली सारली.

१६ एप्रिल
निर्मलाचा फोन लागत नाही. तू उचलत नाहीस. वायर माझ्या हातात, आणि मशीनचा दिवा — लागलाय. मशीनला वायर बसते त्या भोकातून पाणी गळतंय. पडद्यावर खुशबूचं नाव, पुढे — जुळलं.
सगळी पानं पाठवतोय. वायर माझ्याच हातून निघाली. मला काय म्हणायचं ते म्हण, पण त्यांना पाळीवरच अडव. लवकर कळव, योगेंद्र, पोरगी कुठे —