माझ्यानंतरची टीम

देऊळगाव राजा,
बुधवार

प्रिय पूनम,

अनेक आशीर्वाद. खिशात मोबाईल असताना सर पत्र काय लिहीत बसलेत, म्हणून हसशील. हस. फोनवर मी ओरडतो, आणि आज ओरडायचं नाही असं ठरवलंय.

महिनाअखेर मी निवृत्त होतोय. सत्काराची शाल आणून ठेवलीय, हे शिपायाने आधीच फोडलं. मला घोर आहे तो आपल्या कॉलेजच्या मुलींच्या हॉकी टीमचा. माझ्या जागी मानधनावर प्रशिक्षक नेमायचाय आणि सोमवारी समिती नाव पक्कं करणार आहे. माणूस चुकला तर दोन वर्षांत टीम मोडेल. आपल्या भागात हॉकी बंद पडली म्हणून कुणी मोर्चा काढणार नाही.

तीस वर्षं या काळ्या मातीच्या मैदानावर गेली बघ. पावसाळ्यात चेंडू चिखलात रुतणार, उन्हाळ्यात भेगेत अडकणार. गोलकीपरच्या पॅडमध्ये आपण घरचा कापूस भरायचो. विद्यापीठाच्या उपांत्य फेरीपुढे कधी गेलो नाही, आणि त्याचं मला फारसं दुःखही नाही. मी खरा भांडलो तो शेडनेटशी, शेतातल्या त्या जाळीच्या मांडवांशी. गावोगावी मिरचीच्या बियाण्याचे प्लॉट, हंगामात रोज सकाळी एकेका फुलाला हाताने पराग लावायचा, ऊन चढलं की फूल वाया. सरावही सकाळीच. तू पहिल्या वर्षाला होतीस तेव्हा तुझ्या वडिलांनी, रंगरावांनी, मला शेडनेटच्या दारातच अडवलं होतं. "सर, पोरीले हॉकी खेळून काय भेटन? इथं एक सकाळ गेली त फुलं गेली." त्यांचं काही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी अख्खी टीम घेऊन तुमच्याकडे आलो. तुझी आई आम्हाला फुलं दाखवत होती आणि माझ्या जाडजूड बोटांकडे बघून हसत होती. काम उरकलं, मग मैदानावर गेलो. तेव्हापासून आपल्याकडे तीच रीत पडली. जिचं काम अडलंय तिच्या शेतात सगळ्यांनी सावड करायची, सराव त्यानंतर.

समितीने तुला आणि अविनाशला, दोन्ही उमेदवारांना, एकेक आठवडा टीम दिली. पहिला आठवडा अविनाशचा. तो माझाच मुलगा आहे, हे तुला माहीत होतं. ते लिहायला मलाच इतका वेळ लागला. मी समितीतून बाजूला झालो आणि बाहेर पायरीवर बसून बघत राहिलो. अविनाश वाईट नाही गं. खेळाडू म्हणून तो तुझ्यापेक्षा सरस होता. पण सध्याची आपली सेंटर हाफ, सुचिता, शेडनेटमधलं काम संपवून धावत आली, हाताला पिवळा पराग तसाच, तर त्याने तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि सगळ्यांसमोर सांगितलं की वेळ पाळता येत नसेल तर येऊ नकोस. शिस्तीच्या हिशेबाने तो बरोबर होता. ती पोर मात्र चार दिवस फिरकली नाही. पुढच्या आठवड्यात तू आलीस. जालन्याहून पहिली बस धरून आधी सुचिताचं शेत गाठलंस, मागून बाकीच्या मुली आल्या. तुला कुणी सांगितलं नव्हतं.

प्राचार्यांनी मला विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. घरी येऊन अविनाशलाही तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, सारी जिंदगी दुसऱ्याच्या पोरीच दिसल्या तुम्हाले." तुझ्या काकू, म्हणजे विमल, माझ्याशी बोलत नाहीत; जेवायला वाढतात आणि आत जातात. पोराच्या हातातोंडाशी आलेला घास बापाने काढला, असंच तिला वाटतंय. रात्रंदिवस ते मनाला खातं. मला फार वाईट वाटतं, पूनम.

आणि काल प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की तू फोन करून माघार घेतलीस. सरांच्या घरात माझ्यामुळे वितुष्ट नको, असं म्हणालीस म्हणे. तुझी माया मला कळते. पण गुरुदक्षिणा म्हणून हे मला देत असशील तर मी ती घेणार नाही. ही बातमी मुलींपर्यंत गेली, आणि आज सकाळी सुचिता तिची स्टिक घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "पूनमताई नसतीन त मले काही जमनार नाही, सर. कॉलेजची स्टिक वापस घ्या." एवढं बोलून तिने स्टिक टेबलावर ठेवली आणि गेली. तीस वर्षांत किती जणींनी स्टिक परत केली, लग्न ठरलं म्हणून, नोकरी लागली म्हणून, मी हसून घेतली. आज हात पुढे झाला नाही. तुझं नाव अजून यादीतून काढू नका, असं मी प्राचार्यांना हात जोडून सांगितलंय. सोमवारी ये. समितीसमोर नंतर बस, आधी माझ्या टेबलावरची स्टिक घेऊन सुचिताच्या शेतावर जा आणि ती तिच्या हातात दे. अविनाशची समजूत घालायला मी त्याचा बाप बसलोय. माझं घर मी सांभाळीन, तू पोरी सांभाळ.

तुझेच,
भगवान सर