होस्टेलपुढची खूण

रविवार, २१ एप्रिल २०१३, पनवेल

केतकीसाठी नवी शाळा बघून आलो. घरापासून बसने वीस मिनिटं. रोज येऊन-जाऊन करता येतं, होस्टेलही आहे. माझ्या मते होस्टेलचा प्रश्नच नव्हता! पण ही चौदा वर्षांची पोरगी वॉर्डनबाईंना विचारते काय, तर "रविवारी घरी फोन केलाच पाहिजे का?" बाई हसल्या. मी कुठे बघू?

येताना रिक्षात हे म्हणाले, "राहू दे ना तिला तिथे, शिस्त लागेल." शिस्त! फोन केलाच पाहिजे का म्हणे. इतकं काय केलंय मी? उठ म्हणते, जेव म्हणते, मोबाइल ठेव म्हणते. बरं, दिवसातून दहादा म्हणत असेन.

संध्याकाळी फॉर्म भरायला बसले, तर पुन्हा मागे लागली, "आई, होस्टेल, प्लीज." वैतागून मी होस्टेलपुढे खूण केली, सही ठोकली आणि फॉर्म तिच्यापुढे आपटला. वाटलं, आता नाचेल. तर ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, तू नाहीच म्हणशील."

फॉर्म अजून टेबलावरच आहे. ती उचलत नाही, मीही नाही.