बोलावण्याशिवाय कोलंबसला जाणार नाही

२ मे, सकाळी, चहा झाल्यावर

नकुलनं फोनमध्ये सोय करून दिली. मी बोलायचं, फोन लिहून घेतो. तारीखही तोच घालतो. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे मला हे वाचता येणार नाही. माझ्या नातवंडांना मराठी अक्षर येत नाही, त्यांनाही वाचता येणार नाही. मुलाला-सुनेला येतं, पण वेळ नाही. याहून पक्की तिजोरी नाही.

काल जेवताना ठरलं. इशिता ऑगस्टमध्ये बॉस्टनला कॉलेजला जाणार, म्हणून जूनमध्ये शेवटची फॅमिली ट्रिप. कुठे? कोलंबस, ओहायो. कोलंबसला लागून डब्लिन, आणि डब्लिनमध्ये कोण? आमच्या राधिकाची आई. माझ्या विहीणबाई, नीलाताई. मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, पण खुर्चीवरून अजून उठलेल्या नाहीत.

मला हेवा वगैरे वाटत नाही. मी एवढंच म्हटलं, की शिकागोचं तळं मोठं आहे.

४ मे

निश्चय: शिकागो.

इशितानं टीव्हीवर प्रेझेंटेशन केलं. कोलंबसला सायन्स म्युझियम आहे, आइस्क्रीम चांगलं मिळतं, झूमध्ये समुद्रगाय आहे. म्हटलं, गाय बघायला विमानानं जाणारी तुमची पहिलीच पिढी.

मग मतदान. नकुलचं मत मी दुपारी चारलाच पक्कं केलं होतं. लोण्याचा गोळा घालून तीन थालीपिठं. "डील, आजी," म्हणाला. संध्याकाळी कोलंबसला हात वर. नंतर म्हणे, सॉरी आजी, दीदीनं आधी बोबा टी पाजला होता.

शिकागोला एक मत. माझं. यतीनला कुणी विचारलं नाही, त्यानंही आठवण केली नाही. मुलगा माझाच, पण मतदानाच्या वेळी ताट विसळायला उठतो.

७ मे

नीलाताईंचं सांगायचं तर बाई चांगल्या आहेत. एकाहत्तराव्या वर्षी गाडी चालवतात. इशिताचे कॉलेजचे निबंध त्यांनी तपासले. पोरं त्यांना "ओहायो आजी" म्हणतात, जणू सरकारनं पदवी दिलीय. मी नुसती आजी. आम्ही राहतो सनीव्हेलला, पण सनीव्हेल आजी असं कुणाच्या तोंडात येत नाही.

दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल, चाळीस मिनिटं. मला रोज मिळतं काय? "हाय आजी बाय आजी." एका श्वासात. घरात राहणाऱ्या माणसाला कॉल येत नाही, हा मोठा तोटा आहे.

पण मी कधी बोलून दाखवत नाही.

८ मे

बोलून दाखवलं. राधिका हसली.

९ मे

रात्रभर विचार करून तोडगा काढला. मी मुलाची आई. मानाची विहीण. सुनेच्या माहेरी असं बॅग उचलून जाऊन बसायची रीत नाही. रीतसर बोलावणं आलं तर येईन, नाहीतर तुम्ही जा.

राधिका म्हणाली, "आई, एवढंच ना? तिला आत्ता फोन करायला सांगते."

म्हटलं, सांगून आलेलं बोलावणं ते बोलावणं नव्हे. त्यांना आतून सुचलं पाहिजे. कुणी एक अक्षर सुचवायचं नाही. चौघांकडून शपथ घेतली. नकुलनं करंगळी दिली.

त्यांना सुचणार नाही. सगळ्यांना समजेल, बाई किती शिकल्या आणि काय शिकल्या नाहीत. मग आपोआप शिकागो.

११ मे

रविवार. कॉलच्या वेळी मी कॅमेऱ्यात फक्त कोपर येईल अशी बसले. नीलाताईंनी विचारलं, "ताई बऱ्या आहेत ना गं?" मी तिथूनच ओरडले, "बऱ्या आहेत!" त्यापुढे काही नाही. इशिताशी मात्र तिकडच्या पावसापासून तिच्या चपलांपर्यंत सगळं.

बोलावणं नाही. मी खूश आहे. भूक लागली नाही, ते वेगळं.

१५ मे, दुपारी

मी या घरात नसले तर काय होईल, याचा आज शांतपणे विचार केला. फार वाईट होईल. दही कोण लावणार? कढीपत्त्याला पाणी कोण घालणार? आणि टपाल? ते सगळं माझ्याकडे. रोज तीनला किल्ली घेऊन खाली जाते. खिडकीवाले पांढरे लिफाफे यतीनचे. रंगीत, चित्रांचे, चमकणारे, ते सगळे तिथल्याच रद्दीच्या निळ्या डब्यात. त्याला अक्षर लागत नाही, नजर लागते. या महिन्यात एकही चूक नाही.

आज सात टाकले. त्यातलं एक गुलाबी, वर चमकीचे फुगे. पिझ्झा विकायला लोक काय काय करतील!

१८ मे

उपोषण सुरू केलं. संध्याकाळी जेवले नाही. चारला दोन केळी आणि शेंगदाण्याचा लाडू झाला होता, पण तो उपोषणाच्या आधीचा.

कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे नकुलच्या शाळेत बँड ऐकायला गेले होते. आल्यावर राधिका म्हणाली, बरं झालं आई, भाजी उरली, उद्या डब्याला होईल.

बागेतल्या बाकावर प्रतिमाबाई भेटतात, त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, जा की! चार दिवस आयता पाहुणचार. आमची विहीण फिनिक्सला, ती नुसतं ऊन देते." ज्यांना मान म्हणजे काय हेच माहीत नाही, त्यांच्याशी काय बोलायचं!

२१ मे

आज राधिकानं शेवटचं विचारलं. लॅपटॉप मांडीवर, बोट तयार. "आई, पाच तिकिटं की चार?"

म्हटलं, बोलावणं.

चार काढली.

काढू देत. मला सोडून ही पोरं विमानात बसणार नाहीत. दोनच दिवसांत कॅन्सल करतील, मी ओळखून आहे. इशिता आली, गळ्यात हात टाकून म्हणाली, "ओके आजी, वी रिस्पेक्ट युवर डिसिजन."

एवढा रिस्पेक्ट कशाला हवा होता? थोडं रडली असती तर चाललं असतं.

२५ मे

आज बोलावंसं वाटत नाही. पण फोन उघडलाच आहे तर सांगते.

राधिका स्वयंपाकघरात आली, नळ बंद केला आणि म्हणाली, "आई, राग नका मानू. माझ्या आईला तुम्ही उत्तर का नाही दिलंत?"

कशाचं उत्तर?

नीलाताईंनी बोलावणं पाठवलं होतं. आपण होऊन. पंधरा दिवसांपूर्वी. मुलाच्या आईला फोनवर बोलावणं बरं दिसत नाही, म्हणून स्वतः दुकानात जाऊन कार्ड आणलं, आत हातानं पानभर पत्र लिहिलं, यतीननं वाचून दाखवावं म्हणून. उत्तर नाही, म्हणून आज राधिकाजवळ रडल्या. म्हणाल्या, ताईंना माझ्या घरी यायचंच नसेल.

मी विचारलं, कसं होतं कार्ड?

गुलाबी. वर फुगे.

म्हटलं, ओहायो लांब आहे. वाटेत कुठेतरी राहिलं असेल.

चूक माझी नाही. बोलावणं कधी फुग्यांत घालतात का? कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावलं असतं तर मी देवापुढे ठेवलं असतं. सगळी शाळा चालवली बाईंनी, आणि एवढं सुचू नये!

२६ मे

निळा डबा पाहिला. रिकामा करून नेलाय. वाकून आतपर्यंत पाहिलं. मागून नकुलचा आवाज, "आजी, व्हॉट आर यू डुइंग?" म्हटलं, कंबरेचा व्यायाम. त्यानं मान्य केलं. या देशात व्यायामाला कुणी काही विचारत नाही.

२८ मे

मी माघार घेतलेली नाही. बाईंचं मन मोडू नये म्हणून मी स्वतः फोन केला. आणि वाटेत हरवलं म्हणायचं तर पुन्हा कुठे, कसं, सगळी चौकशी. त्यापेक्षा सरळ म्हटलं, पत्र मिळालं हो नीलाताई. उत्तराला जरा उशीर झाला.

"यतीनरावांनी वाचून दाखवलं?"

म्हटलं, दोनदा.

"आणि शेवटची ओळ? मी घाबरतच लिहिली हो. तुम्हाला चालेल ना?"

म्हटलं, शेवटची ओळ तर फारच आवडली. तुम्ही म्हणाल तसं.

बाई इतक्या गहिवरल्या की मला माझंच कौतुक वाटलं. राधिकाला पाचवं तिकीट काढायला सांगितलं. शेवटच्या ओळीत, संडासाशेजारी मिळालं. मला खिडकीत तसंही बसवत नाही.

नवा निश्चय: डब्लिनच्या घरी इशिता माझ्या खोलीत झोपणार. बॉस्टनच्या आधी आठ रात्री. पाय चेपता चेपता सगळं बोलून घेईन. नीलाताईंनी बघत राहावं.

१३ जून, डब्लिन

पोचलो. वाटेत विमान शिकागोला बदललं, दीड तास. म्हणजे शिकागो झालंच. तळं दिसलं नाही, पण एका दुकानाची रांग दिसली.

नीलाताईंनी दारात माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, ओटी भरली. साडी माझ्या आवडीची, हिरवी. दोष काढायला जागा ठेवली नाही, हाच मोठा दोष.

मग आत नेऊन म्हणाल्या, "ताई, तुमचं मन खरंच मोठं. मी पत्राच्या शेवटी विचारलं होतं ना, इशिता तुमच्याजवळ रोजच असते, या वेळी आठ दिवस माझ्या खोलीत झोपू द्याल का, म्हणून. दुसरी कुणी हो म्हणाली नसती."

मी म्हटलं, छे, त्यात काय.

मोठं मन असं विकलं जातं. न वाचता.

१४ जून

भिंतीपलीकडून हसू येतं. इशिताचं, मग नीलाताईंचं. मग दोघींचं. मला झोप लागली होती, पण ऐकण्यासाठी उठून बसावं लागलं. माझ्या खोलीत नकुल आहे. कानात बुचं घालून झोपतो आणि घोरतो.

समुद्रगाय पाहिली. आमच्या नकुलसारखीच आहे. पडून राहते आणि पालेभाजी वर आणून द्यावी लागते.

१६ जून

उलगडा झाला.  दुपारी डाळ निवडताना नीलाताई म्हणाल्या, काल रात्री इशिता खोलीत झोपलीच नाही. मॅडीकडे गेली. आजही तिकडेच. पुढच्या रात्रीही.

मॅडी कोण?

बॉस्टनमधली होणारी रूममेट. घर इथेच, नदीपलीकडे, दहा मिनिटांवर. दोघी मार्चपासून फोनवर बोलतात. कोलंबस, कोलंबस म्हणून टीव्हीवर जे प्रेझेंटेशन झालं, ते या मॅडीसाठी. समुद्रगाय निमित्ताला.

नीलाताई म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्यासाठी येतेय." मग डाळीत खडा नव्हता तरी शोधत बसल्या. मीही शोधला. परवाची भिंतीपलीकडची ती हसाहशी? ती मॅडीनं पाठवलेल्या कुत्र्याच्या व्हिडिओवर होती. आता मला मॅडीचाही हेवा वाटत नाही.

पत्राचं खरं काय ते नीलाताईंना सांगून टाकावं असं वाटलं. सांगितलं नाही. आधीच बाई दुखावलेल्या.

१८ जून, संध्याकाळी

इथे एक शेत आहे. त्यात माणसाएवढी, मक्याची, सिमेंटची कणसं शोभेला उभी केली आहेत, शंभरावर. दाणा एक नाही. जन्म शेतात गेला, पण असं पीक पाहिलं नाही. पाखरांचीही भीती नाही.

इशितानं कळवलं, तिथे या, मॅडीला तुम्हाला भेटायचंय. आम्ही दोघी तासभर आधी जाऊन उभ्या. नीलाताईंनी नवी साडी नेसली, मी त्यांनी दिलेली हिरवी. वाटेत दोघींच्या मनात एकच. ओळख करून देताना ती आधी कुणाचं नाव घेते.

आली. म्हणाली, "मॅडी, दीज आर माय ग्रँडमाज." एका दमात. दोघी एकत्र. कुणी आधी नाही.

मग फोन माझ्या हातात दिला. मला वाटलं, आमच्या तिघींचा फोटो, मॅडी काढेल. तसं नाही. "आजी, यू टेक इट. इथे प्रेस कर." त्या दोघी कणसांमध्ये गळ्यात गळे घालून उभ्या. मी दाबलं.

फोटो छान आला, सगळे म्हणतात. त्यात मी नाही. नीलाताईही नाहीत. खाली गवतावर एक लांब सावली तेवढी आली आहे. फोटो मी काढला, म्हणजे सावली माझी. नीलाताई म्हणतात, त्या माझ्यापुढे अर्धं पाऊल होत्या, म्हणजे त्यांची. गाडीत घरापर्यंत हाच वाद. न्यायला आलेली राधिका म्हणाली, आई, आई, पुरे, दोघी!

इशितालाच विचारणार होते. पण ती मॅडीकडे झोपायला गेली आहे.