जोडीचा मासा

९ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. दुकान लवकर बंद करून नगरहून फिश टँक आणला, त्यात एक गुरामी मासा. मासे पाळले की माणूस मोकळा होतो, असं व्हिडिओत होतं. मला गरज नाही. पण मुली बघायच्या कार्यक्रमात मी तोंड उघडत नाही, अशी तिसगावात अफवा आहे. गेल्या वेळी 'पाणी' म्हणालो होतो, ते कुणी सांगत नाही.

१० फेब्रुवारी
गुरामी दगडामागे बसलाय. भलताच लाजाळू. या स्वभावाचं पुढं कसं व्हायचं? आईनं डोकावून बघितलं, म्हणाली, तुझ्यावरच गेलाय. दुर्लक्ष केलं.

१४ फेब्रुवारी
टँकवाल्याला फोन केला. म्हणजे धाकट्या भावाला, अमृतला करायला लावला. टँकवाला म्हणे, जोडीला धीट मासे सोडा. ते बिनधास्त फिरताना दिसले की लाजाळू माशाला धीर येतो. शास्त्र आहे.

१६ फेब्रुवारी
झेब्रा मासे सोडले. गुरामीचं अर्धं तोंड बाहेर! शास्त्र लागू पडलं.

२१ फेब्रुवारी
काकासाहेबमामांनी स्थळ आणलं. पारनेरची राजेश्वरी. हल्ली मुलीकडचेच आधी बघायला येतात, प्रश्नही तेच विचारतात. फोटो बघितला. परत बघितला. मला ही मुलगी हवी आहे. इथं लिहायला काय हरकत आहे?

संध्याकाळी
योजना पक्की. माझ्या जोडीला अमृतला बसवायचं. तो बडबड्या. तो बोलला की मला धीर येणार. आई म्हणाली, थोरल्याच्या बघण्यात धाकटा बिनलग्नाचा बसवीत न्हाईत, त्याला शेतात धाड. आईला शास्त्र कळत नाही.

२ मार्च
पाहुणे आले. कांदा, पाऊस, पारनेरचा बाजार, सगळं अमृत बोलला. राजेश्वरी दोनदा खळखळून हसली. मी सुरुवात करणार तेवढ्यात चहा आला. चहा पिताना बोलणं बरं दिसत नाही. तिनं थेट मला विचारलं, मासे तुमीच पाळले का? मी मान हलवली. उभी की आडवी, आठवत नाही. एकूण छाप चांगली.

३ मार्च
झेब्रे सगळं खाणं वरच्यावर फस्त करतात. गुरामी वाळलाय. पण मनानं खुललाय.

६ मार्च
मामा आले. पोरगी व्हय म्हणाली. माझे कान गरम झाले. मग मामा खाली बघून म्हणाले, थोरला गुणाचा हाय, पर त्यास्नी धाकटा पसंत पडलाय. अमृत दारात मान खाली घालून उभा. आई मला म्हणाली, तू न्हाई म्हण, मी आत्ता नकार कळवते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. फार वाईट वाटत होतं. वाक्य तयार होतं, चांगलं होतं. पण टँकचं पाणी बदलायचं राहिलं होतं, म्हणून उठलो.

९ मार्च
गुरामी आज पहिल्यांदाच पूर्ण बाहेर आला. वर तरंगत होता.

४ मे
अमृतचं लग्न होऊन आठवडा झाला. राजेश्वरी अमृतशी, आईशी, शेजारणींशी दिवसभर बोलते. मी आलो की गप्प. डोक्यावर पदर घेते, चहा उंबऱ्याशी ठेवून आत जाते. आई म्हणते, थोरल्या दिरापुढं बोलत न्हाईत, रीत हाय. मला पटत नाही. मुलगी स्वभावानंच लाजाळू आहे. अशा माणसाशी आपणच आधी बोलायला हवं. सध्या दुकानात काम फार आहे.