आजीच्या हातचा कमरखांचा रस

वुलान,

घाबरू नकोस. बाबांची सकाळपासूनची उचकी थांबेना, आता बोलणंही अडखळायला लागलंय. त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेतेय. काल आजीने रक्तदाबावर म्हणून अंगणातल्या कमरखांचा रस पाजला. किडन्या गेलेल्या माणसाला तो विष, हे नर्सबाईंकडून आत्ता फोनवर कळलं.

डायलिसिसची निळी फाईल घेऊन लगेच ये. आजीचा भात झाकून ठेवलाय. तिला यातलं काही सांगू नकोस. सोलो शहरातल्या आत्याचा फोन आला तर रस मी काढला म्हण. ती तोडून बोलेल, बोलू दे.

झाडाखालची फळं आजीच्या नकळत वेचून टाक. बाबांना सगळं कळलंय. तरी निघताना उचक्या देत देत तिला म्हणाले, "आई, रस गोड झाला होता गं."

— आई