तुझे दुधाचे चार दात

प्रिय खारूताई,

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. बसने चार स्टॉपवर राहणाऱ्या मुलीला बाप पोस्टाने पत्र पाठवतो म्हणजे म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं जावईबापू म्हणतील. म्हणू देत. फोनवर तू मला एक वाक्य धड पूर्ण करू देत नाहीस आणि समोर बसलीस की तुझ्या मांडीवरचा गुंड्या माझा चष्मा ओढतो. शिवाय जे सांगायचं आहे ते तोंडाने सांगायचा प्रयत्न मी तीस वर्षं करतोय. दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात जन्म गेला माझा, पण स्वतःचं उघडायची वेळ आली की दातखीळ बसते.

रविवारी तू इथे होतीस, पण त्या वेळी तू चमच्याकडे बघत होतीस आणि मी तुझ्या आईकडे, म्हणून माझ्या बाजूने सांगतो. ती गुंड्याला उकडून कुस्करलेलं गाजर भरवत होती. चमचा खालच्या हिरडीला लागला आणि टण्ण वाजला. पहिला दात! तू ओरडलीस, जावईबापू मोबाइल शोधत धावले, मी खात्री करायला त्याच्या तोंडात बोट घातलं आणि खात्री चांगलीच करून घेतली, अजून दुखतंय. त्या आनंदाच्या भरात तुझ्या आईने पुढचा घास गरम तर नाही ना म्हणून चमचा स्वतःच्या ओठांना लावला. तू तो तिच्या हातातून काढून घेतलास, धुतलास आणि म्हणालीस की माझ्या दातांचं वाटोळं केलंस तेवढं पुरे झालं, आता याच्या दातांशी खेळ नको. पहिल्या तारखेला तू कामावर रुजू झालीस की गुंड्या पाळणाघरात जाणार, आजीकडे नाही, हेही त्याच दमात सांगून टाकलंस. तुझी आई वाळलेले कपडे आवरायला म्हणून आत गेली आणि एकच लाळेरं चार वेळा घडी घालत बसली.

तेव्हापासून या घरात परीक्षेचा हंगाम चालू आहे. तू फ्रिजवर चिकटवलेली दोन पानी नियमावली तिने काढून घेतली आणि चष्मा लावून पाठ केली. वर्षाच्या आत मध नाही, मीठ नाही, साखर नाही. आपला चमचा बाळाला नाही, आपल्या तोंडातले जंतू त्याच्या दातांना लागतात. पाणी कपातून, घोट-घोट. बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही. दात आला की सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रश, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच. सगळं बरोबर आहे, दातांचा डॉक्टर म्हणून मी खाली सही करायला तयार आहे. पण प्रात्यक्षिकासाठी घरात बाळ नाही, त्यामुळे बाळ मी झालोय. परवा तिने मला खुर्चीत बसवलं, कवळी काढून वाटीत ठेवायला लावली आणि ओल्या मऊ कापडाने माझ्या हिरड्या पुसल्या. हात इतका हलका की पस्तीस वर्षं दवाखाना चालवून माझा झाला नाही. एवढं करून मलाच विचारते, डॉक्टर, दुखलं का? तीन दिवस मी मीठ-साखरेशिवाय कुस्करलेलं गाजर, बटाटा आणि केळं खातोय, कारण तिला गुठळी राहते का ते बघायचंय. काल मी मीठ मागितलं तर तिने नियमावलीतली ओळ क्रमांक दोन वाचून दाखवली. बाई पहिल्या नंबराने पास झालीय, खारूताई, पण निकाल लावणारी तू आहेस आणि तू पेपरच बघायला तयार नाहीस.

तुझा राग मला कळत नाही असं नाही. बालवाडीतल्या त्या फोटोत तीस पोरं बत्तिशी दाखवून हसताहेत आणि तू ओठ घट्ट मिटून उभी आहेस. वरचे पुढचे चारही दात काळे पडून किडलेले होते. पुढे ते मलाच काढावे लागले. तू माझं बोट धरून खुर्चीत चढलीस आणि विचारलंस, बाबा, तुम्ही तर दातांचे डॉक्टर ना? त्यावर मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी ठोकून दिलं असेल. लोक विचारायचे, डॉक्टरांच्या मुलीचे दात असे कसे? मी हसून म्हणायचो, तिची आई फार लाडावते हो, नको म्हटलं तरी गोड देते. तुझी आई शेजारीच उभी असायची. हे वाक्य इतक्यांदा म्हटलं की तूही ते पाठ केलंस, आणि रविवारी तिच्या तोंडावर फेकलंस ते माझंच वाक्य होतं.

आता नीट ऐक. तू सहा महिन्यांची झालीस तेव्हा तुझी आई वाचनालयातल्या नोकरीवर परत गेली, दुपारी बारा ते पाच. तेवढा वेळ तू माझ्याकडे, दवाखान्याच्या मागच्या खोलीत, दातांच्या साच्यांच्या फडताळाखाली ठेवलेल्या पाळण्यात. दवाखाना नवा होता आणि तुझा आवाज खणखणीत. दातांच्या दवाखान्यातून तसा टाहो ऐकू आला की बाहेर बसलेल्यांना वाटायचं, आत कोणाची तरी दाढ उपटताहेत. एकदा एका दुपारी सगळं बाकडं रिकामं झालं. एक पोस्टमन तर पत्रं टाकायला आला होता, तोही पत्रं न टाकताच पळाला. मग मी साच्यांमागे साखरेचा डबा आणून ठेवला. दुधात दोन चमचे साखर, बाटली तोंडात आणि तू गप्प. बाटली चोखत झोपायचीस, मी ती काढायचोही नाही, काढली की तू उठशील ही भीती. हे रोज चाललं, दीड वर्ष. वरती भिंतीवर मीच लावलेला तक्ता होता, बाळाला बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. पुढच्या खोलीत मी आयांना याच गोष्टीवरून फैलावर घ्यायचो आणि मागच्या खोलीत येऊन साखर ढवळायचो. तुझ्या आईने तुला गोडाचं बोटसुद्धा लावलं नव्हतं. दात मी घालवले आणि खापर तिच्या डोक्यावर फोडलं. मला याची लाज वाटते, आणि इतकी वर्षं वाटत असूनही मी गप्प राहिलो याची त्याहून जास्त.

हे पत्र लिहायला बसण्याआधी, आज सकाळी मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल, भांडेल, निदान कवळीची वाटी तरी फेकून मारेल. ती बटाटा कुस्करत राहिली आणि म्हणाली, मला माहीत आहे. तुझे दात काळे पडल्यावर एकदा फडताळ पुसताना तिला मुंग्यांची रांग दिसली होती, रांगेमागे डबा. तो तिनेच नेला. मी आपला आजवर डबा पळवल्याचा संशय दवाखान्यातल्या मदतनीस बाईंवर घेत होतो. तोपर्यंत दात गेलेच होते आणि गावभर तिचं नाव घेऊन मी मोकळा झालो होतो. डॉक्टरानेच पोटच्या पोरीचे दात घालवले असं बाहेर कळलं असतं तर दवाखान्यात कोणी पाऊल टाकलं असतं का, म्हणून तिने ते पोटात ठेवलं. रविवारीसुद्धा तिला खरं सांगता आलं असतं. नाही सांगितलं, कारण तुला बाबांचा फार अभिमान आहे म्हणे. तो आता थोडा कमी कर आणि उरलेला तिला दे. पाळणाघर की आजी, हे तूच ठरव, मी मध्ये बोलणार नाही. फक्त तुझ्या नियमावलीत तिला स्वतःची एक ओळ घालायची आहे, आणि ती मान्य नसेल तर गुंड्याला सांभाळायची जबाबदारी ती घेणार नाही म्हणाली: दुपारी बारा ते पाच डॉक्टरांना बाळाजवळ एकटं सोडायचं नाही.

तुझाच, आजपासून देखरेखीखाली असलेला,
बाबा